नाव कोणत्या वहीत आहे? जालना एमआयडीसीतील पाळकांना खुले पत्र

जालना एमआयडीसी आणि भोवतालच्या वस्त्यांमध्ये प्रार्थनासभा चालवणाऱ्या सर्व पाळक, पास्टर आणि सुवार्तिक बंधु-भगिनींना,



मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी रात्रपाळी सुटलेला एक तरुण घरी न जाता सरळ माझ्या दारात आला. अंगाला भट्टीच्या धुराचा वास, डोळे तांबारलेले. चहा समोर ठेवला तरी हात लावीना. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून तो इथे कामाला आला, चंदनझिऱ्याला चौघांत मिळून एक खोली घेऊन राहतो, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला आहे. आदल्या रात्री भट्टीत टाकलेल्या भंगारात कुठेतरी ओल राहून गेली होती. वितळलेले लोखंड उसळून बाहेर आले, तेव्हा तो चार पावलांवर उभा होता. भाजला नाही. पण तो भाजण्याबद्दल बोलायला आलाच नव्हता.

“काका, त्या घडीला मनात एकच आलं,” तो म्हणाला. “आत्ता मेलो असतो तर कुठं गेलो असतो? महिना झाला, सभेला गेलो नाही. तंबाखू पुन्हा लागली. प्रार्थनेला बसलं की झोप येते. माझं तारण गेलं का हो?”

त्याला जे सांगायचे ते मी सांगितले. हे पत्र मात्र मी त्याला लिहीत नाही, तुम्हाला लिहितो आहे. कारण त्याची ही भीती पवित्र शास्त्र वाचून आलेली नाही. बारा तासांच्या पाळीतून त्याला अजून धड वाचायला सवडच मिळालेली नाही. ती आली आहे आपल्या सभांतून. मंडळीत साक्ष द्यायला मीही उभा राहतो, म्हणून ‘आपल्या’ म्हणतो. एका ठिकाणी त्याने ऐकले की अन्य भाषा बोलता येत नसेल तर पवित्र आत्मा मिळालेलाच नाही. दुसरीकडे ऐकले की आजार बरा होत नसेल तर विश्वासात खोट आहे. तिसरीकडे, सभा चुकवणाऱ्याचे नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडले जाते. चौथ्या एका पास्टरांनी त्याला तारणाची तारीख विचारली. ती त्याला सांगता येईना, तेव्हा ते म्हणाले, “तारीख आठवत नाही म्हणजे ते झालेलंच नाही.”

मी 31 वर्षे एका रोलिंग मिलच्या टाइम ऑफिसात काम केले. मस्टर सांभाळणे हे माझे काम. भंगार भट्टीत जाते, त्याचे बिलेट होतात, बिलेटची सळई होते आणि ती सळई राज्यभराच्या घरांच्या कॉलममध्ये जाते, हे सगळ्या जालन्याला ठाऊक आहे. ती सळई ओढणारा माणूस कंपनीच्या मस्टरवर नसतो, ठेकेदाराच्या असतो, हेही ठाऊक आहे. आला तर हजेरी, न आला तर खाडा. खाडे वाढले की नावावर रेघ. नावावर रेघ पडली की गेटवरचा वॉचमन त्याला ओळखत नाही, कालपर्यंत त्याच्याबरोबर बिडी ओढत होता तरी.

अशी एक रेघ माझ्या हातून पडली आहे. एका पोराच्या बायकोचे बाळंतपण अडले होते. तो सात दिवस आला नाही, निरोपही नाही. आठव्या दिवशी मी त्याचे नाव खोडले. नियम तसा होता आणि सही माझी होती. नवव्या दिवशी तो पेढे घेऊन गेटवर उभा होता, मुलगी झाली म्हणून. त्याला आत घेणे माझ्या हातात राहिले नव्हते. पेढे त्याने वॉचमनजवळ ठेवले आणि निघून गेला. त्या पेढ्यांतला एकही माझ्या घशाखाली उतरला नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, अजूनही प्रभुभोजनाच्या आधी पापांची कबुली देताना तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर येतो.

पाळकांनो, हाच माणूस रविवारी तुमच्यासमोर सतरंजीवर बसतो. त्याला आयुष्यात एकच वही माहीत आहे, मस्टर. तुम्ही हजेरी म्हणालात, दशांश म्हणालात, उपास म्हणालात, जीवनाच्या पुस्तकात नाव म्हणालात, की त्याच्या कानाला ते मस्टरच ऐकू येते. देव म्हणजे सगळ्यात मोठा ठेकेदार. तो दयाळू आहे, पण खाडे मोजतो. असे समजण्यात त्याची चूक नाही. आपण त्याला दुसरी वही दाखवलेलीच नाही.

दुसरी वही त्याच्या घरात आहे. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली शिधापत्रिका. तिच्यावर त्याच्या लेकीचे नाव आहे. त्या पोरीने काय काम केले? काहीच नाही. बापाने अर्ज केला, तहसीलला खेटे घातले आणि नाव चढले. ती शाळेत नापास झाली म्हणून ते नाव कमी होत नाही. ती रुसून जेवली नाही तर खाडा लागत नाही. नाव आहे, कारण ती त्याची आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा तुम्ही सगळे शिकवता. डुकरे राखताना त्याने एक वाक्य पाठ केले होते, ते आठवा. बापाला तीन गोष्टी सांगायच्या, असे त्याने ठरवले होते: मी पाप केले आहे, मी तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, आणि तिसरी, मला एखाद्या मोलकऱ्यासारखा ठेव. म्हणजे, मला मस्टरवर घे. रोज काम करीन, रोजची भाकरी खाईन, तुझ्यावर हक्क सांगणार नाही. आता तो घरी पोचतो तेव्हा काय होते ते वाचा. पहिल्या दोन गोष्टी तो बोलतो. तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत बाप चाकरांना हाका मारून झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. मोलकऱ्याची मागणी मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही, बाप ती पुरी बोलूच देत नाही. टाइम ऑफिसात बसून हा अध्याय मी कितीदा वाचला असेन, सांगता येणार नाही. पण हे माझ्या लक्षात आले ते त्या पेढ्यांच्या प्रसंगानंतर. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत दार लावून रडलो.

तारणाची खात्री म्हणतात ती मला तिथे सापडली. त्याआधी तरुणपणी प्रत्येक संजीवन सभेत मी हात वर करायचो, पुढे जायचो, पुन्हा पापांगीकार करायचो. दर वेळी वाटायचे, मागचा खरा नव्हता, आजचा खरा. माझी पकड घट्ट आहे का, एवढेच मी तपासत राहिलो. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू मेंढरांच्या पकडीबद्दल काहीच बोलत नाही, तो आपल्या हाताबद्दल आणि पित्याच्या हाताबद्दल बोलतो. गर्दीत लेकराचा हात बापाने मनगटाला धरलेला असला, तर लेकराची बोटे सुटली तरी लेकरू सुटत नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनात इथे एक शंका येणार, आणि ती खोटी नाही. असे सांगितले तर लोक मोकाट सुटतील. तारण झालेच आहे, मग प्या, मारा, लबाडी करा. असे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी योहानाचे पहिले पत्र आहे. भावावर प्रेम न करणारा उजेडात नाही, असे तो सरळ सांगतो. पण त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आपण हे का लिहिले तेही तो सांगतो: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन मिळाले आहे हे त्यांना कळावे म्हणून. धाक बसावा म्हणून, असे तो म्हणत नाही. कडक शब्द निर्ढावलेल्यासाठी आहेत. माझ्या दारात आलेला पोरगा निर्ढावलेला नव्हता. तंबाखूची पुडी खिशात घेऊन तो ओक्साबोक्शी रडत होता. ज्याला आपले तारण गेले की काय याची इतकी भीती वाटते, त्याच्यात आत्म्याचे काम चालू नाही असे कोण म्हणेल? इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय अशा माणसाच्या अंगावर टाकू नका. तो ज्यांच्यासाठी लिहिला, ते रात्रपाळी सुटल्यावर उपाशीपोटी कुणाच्या दारात येत नाहीत.

आता आपल्याच मातीतले सांगतो. आपण हे विसरलो आहोत असे मला सारखे वाटते.

जालन्यात ख्रिस्ताचे नाव एमआयडीसीबरोबर आले नाही. निजामाच्या राज्यात इथे छावणी होती, तेव्हापासून ते आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक रेव्हरंड नारायण शेषाद्री इथे आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या कुटुंबांना त्यांनी तिथे घर, शेत आणि शाळा दिली. हेच शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलले. त्यांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांत सांगितली जाते. त्यांच्या धाकट्या भावाची, श्रीपतची, कोणी सांगत नाही.

1843 मध्ये मुंबईत नारायणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सुमारे बारा वर्षांचा श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बापाने कोर्टात दाद मागितली. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. तो परतला, पण मिशनऱ्यांकडे जेवलेला म्हणून जातीत घ्यायला सनातनी तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि त्यापायी त्यांनाही टीकेचा मारा सोसावा लागला. बारा वर्षांचे लेकरू, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोठी माणसे ताणत होती. त्याच्या बापाचे दुःख मला समजते. जांभेकरांची माणुसकीही समजते. प्रश्न मात्र मनातून जात नाही: कोर्टाने ज्याचा हात मिशनऱ्यांच्या हातून सोडवला, त्याचा हात देवानेही त्याच दिवशी सोडला असेल का? त्याने ना सभा केली, ना दशांश दिला, ना त्याला तसे करण्याची मुभा होती. आपली शिकवण त्या मुलाला पुरेशी पडते का, हे तपासून पाहा. पडत नसेल, तर ती चंदनझिऱ्याच्या पोरालाही पुरायची नाही.

आणि ज्यांना तारणाची तारीख हवी आहे, त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. लहानगी मनोरमाही बरोबर होती. बाप्तिस्म्यानंतर त्या शांत झाल्या नाहीत. त्रैक्याबद्दल आणि ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्यांनी इतके प्रश्न विचारले, की त्यांची धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना ते उद्धटपणाचे वाटले. दोघींची पत्रे छापलेली आहेत. ती वाचताना आपल्या मंडळीतल्या एखाद्या हुशार मुलीला पास्टर गप्प बसवत आहेत, असेच वाटते. पुढे रमाबाई अमेरिकेला गेल्या. 1887 मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांसाठी एवढे काम उभे राहिले, आणि तरीही तारणाची खात्री त्यांच्या मनात नव्हती. आपली साक्ष त्यांनी 1907 मध्ये छापली. तीत त्या सरळ कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता.

आठ वर्षे. जिला आपण आज संत मानतो, जिच्या केडगावच्या घराचे नावच मुक्ती, तिला मुक्तीची खात्री व्हायला आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांत कोणी तिला, तारीख सांग नाहीतर तुझे काही झालेलेच नाही, असे म्हणून दारातून परत पाठवले असते तर? मला या विचाराने धास्ती वाटते. 1896 नंतरच्या दुष्काळातून तिने वाचवलेल्या मुली कुठे गेल्या असत्या?

त्याच केडगावात 1905 मध्ये मोठे संजीवन झाले. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करीत, काही अन्य भाषांत बोलल्याही. त्याबद्दल तेव्हा देशोदेशी चर्चा झाली. रमाबाईंचे मत मात्र नीट वाचून घ्या. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खरी आणि आवश्यक खूण त्यांनी एकच मानली, प्रेम. बरे करणे, अन्य भाषा, भविष्यवाद ही दाने टाकून देऊ नयेत, असेही त्या म्हणाल्या. पण कसोटीच्या जागी त्यांनी ती बसवली नाहीत. आपण ती बसवली आहेत.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या कथा अशाच हळूहळू उजाडणाऱ्या आहेत. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेण्याआधी वर्षानुवर्षे स्वतःशी झगडा केला. पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याला नाव दिले ‘अरुणोदय’. रेव्हरंड टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षे त्या बाईने जे सोसले आणि जसे आपल्या चालीने पुढे सरकली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टिळकांनी त्यांना ओढून आणले नाही. वाट पाहिली.

बाहेरचेही एक सांगतो, कारण तारखेचा आग्रह धरणारे बहुतेक जण त्याचेच उदाहरण देतात. जॉन वेस्ली यांना 24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत आपली पापक्षमा झाल्याची खात्री वाटली. ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. पण पुढच्याच जानेवारीत त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले की मी अजून ख्रिस्ती नाही. तारीख हाताशी असलेल्या माणसाचीही ही अवस्था. आणि जालन्याला ज्या स्कॉटिश मंडळीने पाळक पाठवले, तिचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार 1646 मध्ये तयार झाला. त्याच्या अठराव्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी पुष्कळ थांबावे लागते, झगडावे लागते. आपल्या शहरात सुवार्ता आणणाऱ्या मंडळीचा हा विश्वास होता. थांबणाऱ्याला तिने विश्वासाबाहेर काढले नाही.

तुमच्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. नव्या माणसाला साक्ष द्यायला उभे करता तेव्हा घाई करू नका. बरे झाले, नोकरी लागली, दारू सुटली एवढ्याच साक्षी ऐकून मागे बसलेल्याला वाटते, माझे काहीच झाले नाही म्हणजे मी देवाचा नाही. ज्याची दारू अजून सुटलेली नाही आणि तरीही जो दर आठवड्याला येऊन बसतो, त्यालाही एकदा बोलू द्या. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप विश्वास आहे आणि नाहीही, असे एका दमात ओरडून सांगतो, आणि प्रभू त्याचे लेकरू बरे करतो. ती साक्ष आपल्या सभेत चालली असती का?

दुसरे, पाळीचे वेळापत्रक विचारा. रात्रपाळीवाला रविवारी सकाळी सभेत डुलकी घेतो, त्याला सैतानाने झोप दिली असे म्हणू नका. त्याला भट्टीने झोप दिली आहे. महिनाभर जो आला नाही, त्याच्या खोलीवर जा. ठेकेदार जात नाही, वॉचमन जात नाही. खाडा झालेल्याच्या घरी जाणारा कोणीतरी आहे, एवढे त्याला दिसले तर शिधापत्रिकेचे माझे उदाहरण त्याला सांगावे लागणार नाही.

तिसरी मागणी सगळ्यांत महत्त्वाची. जीवनाच्या पुस्तकातून नाव खोडण्याची भीती घालणे थांबवा. मी नाव खोडलेले आहे. ते करताना हाताला काय वाटते, हे मला माहीत आहे. ज्याने क्रुसावर शेजारच्या चोराला, एकही सभा न केलेल्या माणसाला, त्याच दिवशी आपल्याबरोबर नेले, तो खाडे मोजत बसला आहे असे त्याच्या लेकरांना सांगू नका.

येत्या रविवारी आपापल्या सभेत लूकचा पंधरावा अध्याय वाचा. मुलाचे वाक्य अर्धे राहते तिथे थांबा, आणि बापाने ते का पुरे करू दिले नाही, एवढेच समजावून सांगा. माझ्या दारात आलेला तो पोरगा त्या दिवशी येईन म्हणाला आहे. कोणत्या सभेला, ते त्याने ठरवलेले नाही. तो मागे, दाराजवळ बसतो.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, जालना